प्रवासात घोळ झाला की इंग्रजीत आधी काय बोलायचं: तयारीपासून तक्रार नंबर हातात येईपर्यंत

भुसावळला माझ्या संध्याकाळच्या बॅचला बरेचसे लोक पन्नाशीच्या पुढचे येतात, पोरगा किंवा पोरगी बाहेर असते, व्हिसा आला की धावत येतात आणि म्हणतात सर प्रवासाची वाक्यं द्या. वाक्यं यूट्यूबवर ढिगाने पडलीत, पाठही करतात बिचारे, आणि परत आल्यावर सांगतात की काउंटरवर तोंडच उघडलं नाही, किंवा उघडलं तर समोरचा नुसता बघत राहिला. हे इतक्यांदा ऐकलं की आता लिहूनच काढतो.

शब्द कमी पडतात म्हणून कमी लोक अडकतात, क्रम चुकतो म्हणून जास्त. आपण गोष्ट सुरू करतो ती घरापासून. "त्याचं काय झालं भो, गाडी भुसावळहूनच दीड तास लेट निघाली, मग कसाऱ्याला उभी राहिली..." आणि काउंटरवाल्याला हव्या असतात दोनच गोष्टी, झालंय काय आणि तुम्हाला पाहिजे काय. त्या दोन आपण सगळ्यात शेवटी बोलतो, तोवर त्याने पुढच्याला बोलावलेलं असतं.

इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिलीत कारण ती तोंडाने म्हणायची आहेत. आणि हे फक्त परदेशासाठी नाही, चेन्नई-कोचीला हिंदी अडली की हीच वाक्यं लागतात.

## १. निघण्याच्या दोन दिवस आधी: एक कागद बनवा

पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या. मोबाइलमध्ये लिहून ठेवू नका, मोबाइल हरवणं हाच घोळ असू शकतो. त्यावर मोठ्या अक्षरात इंग्रजीत: पासपोर्टवर आहे तसंच नाव, फ्लाइट नंबर, विमानाचा पीएनआर (हा सहा अक्षर-आकड्यांचा असतो, रेल्वेचा दहा आकडी, काही जण घाबरून रेल्वेचाच पुढे करतात), जिथे उतरणार तिथला पूर्ण पत्ता, मुलाचा किंवा मुलीचा नंबर कंट्री कोडसकट, इन्शुरन्सचा पॉलिसी नंबर.

मागच्या बाजूला औषधं. इथे सगळे चुकतात. गोळीचं कंपनीने दिलेलं नाव लिहू नका, स्ट्रिपवर बारीक अक्षरात आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम असतात ते लिहा. आपल्या मेडिकलवाल्याला जे नाव कळतं ते दुसऱ्या देशात कोणाला माहीत नसतं. आपलं पॅरासिटामॉल सुद्धा अमेरिकेत ॲसिटामिनोफेन या नावाने मिळतं.

मग बॅगेचे दोन फोटो, एक बाहेरून आणि एक उघडी भरलेली.

आता स्पेलिंग. नाव फोनवर सांगायची वेळ येतेच. आपण व्ही आणि डब्ल्यू एकसारखेच म्हणतो, त्यामुळे वाणी आडनाव असलं की हमखास गोंधळ, समोरचा एक लिहितो आणि पासपोर्टवर दुसरं. म्हणून "डब्ल्यू ॲज इन वॉटर", "व्ही ॲज इन व्हिक्टर" असं म्हणायचं. बी, डी, पी, टी पण तसेच. झेडला अमेरिकेत झी म्हणतात. "डबल फाइव्ह, ट्रिपल टू" ही आपली सवय सोडा, एकेक आकडा सुटा सांगा.

तपासा: घरातल्या कोणाला तरी दुसऱ्या खोलीत बसवा, फोन लावा, नाव आणि पीएनआर सांगा आणि त्याला लिहून घ्यायला लावा. एकही अक्षर चुकलं तर परत. तीन वेळा बरोबर आलं की पुढे जा.

## २. साचा: चार वाक्यं, याच क्रमाने

काय झालं, पुरावा, काय पाहिजे, आणि मग गप्प.

पहिलं, झालेलं एका वाक्यात. "एक्सक्यूज मी, माय बॅग डिडन्ट अराइव्ह." दुसरं, हातातला कागद पुढे करत, "हिअर इज माय टॅग." तिसरं, "कुड यू प्लीज चेक व्हेअर इट इज?" चौथं म्हणजे तोंड बंद. हे चौथं सगळ्यात अवघड जातं. समोरचा स्क्रीनकडे बघतोय तेवढ्यात आपण कसाऱ्याची गोष्ट सुरू करतो आणि त्याचं लक्ष उडतं. त्याने विचारलं तरच पुढचं सांगायचं.

मराठीत आपण "पाणी द्या" म्हणतो आणि त्यात काही वावगं नसतं, "द्या" मध्येच मान आला. तेच "गिव्ह मी वॉटर" झालं की हुकूम वाटतो. "आय वॉन्ट" पण तसंच. म्हणून दोनच सुरुवाती पक्क्या करा, दुसऱ्याने काही करावं असं वाटलं की "कुड यू प्लीज", स्वतःला काही हवं असलं की "कुड आय". बाकी वुड, मे, माइट सगळं विसरलात तरी चालेल, पुढच्या तयार वाक्यांत येतील तेवढे पुरे.

सावध: "डू द नीडफुल", "आउट ऑफ स्टेशन", "काइंडली ॲडजस्ट" हे आपलं ऑफिसातलं इंग्रजी आहे. बाहेर गेलं की समोरच्याचा चेहरा कोरा पडतो. "आय हॅव अ डाउट" म्हणजे तिकडे "मला तुमचा भरवसा वाटत नाही" असं ऐकू जातं, प्रश्न असेल तर "आय हॅव अ क्वेश्चन".

## ३. फ्लाइट लेट किंवा कनेक्शन हुकलं

इथे एका शब्दावर पैसे ठरतात. "आय मिस्ड माय फ्लाइट" म्हणजे तुम्ही उशिरा आलात, चूक तुमची. पहिलं विमान उशिरा उतरल्यामुळे दुसरं सुटलं असेल तर असं म्हणा: "आय मिस्ड माय कनेक्शन बिकॉज माय फर्स्ट फ्लाइट वॉज लेट." आणि लगेच: "बोथ फ्लाइट्स आर ऑन द सेम बुकिंग. कुड यू प्लीज रीबुक मी?" दोन्ही एकाच बुकिंगवर असतील तर पुढे पोचवणं हे एअरलाइनचं काम असतं. पैसे वाचवायला दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर हे वाक्य चालणार नाही, तेव्हा एवढंच विचारता येतं: "व्हॉट आर माय ऑप्शन्स?"

हाच नियम आपल्या रेल्वेला. जळगावहून मुंबई चारशेच्या वर किलोमीटर, रात्रीच्या विमानासाठी त्याच दुपारच्या गाडीने निघायचं आणि गाडी रखडली की एअरलाइनला दोष द्यायचा, याचा उपयोग शून्य. एक दिवस आधी निघा. इंग्रजीपेक्षा हे जास्त कामाला येतं.

नवीन तिकीट मिळालं की काउंटर सोडायचा नाही, अजून दोन प्रश्न: "विल माय बॅग गो ऑल द वे, ऑर डू आय नीड टू कलेक्ट इट?" आणि "व्हिच गेट, प्लीज?" बॅगेचा प्रश्न यासाठी की अमेरिकेत साधारणपणे पहिल्या विमानतळावर बॅग उचलून कस्टममधून न्यावी लागते आणि परत द्यावी लागते, ती आपोआप पुढे जाईल असं धरून चालू नका.

गेटचा आकडा ऐकताना फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी सारखेच वाटतात. लाज न बाळगता विचारा: "वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झिरो?"

भारतातल्या भारतात असाल तर डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या) नियमात अडीच तासांपर्यंतच्या फ्लाइटला दोन तासांहून जास्त उशीर झाला की खाणंपिणं द्यावं लागतं. मागितल्याशिवाय सांगत नाहीत बरेचदा. "आर यू प्रोव्हायडिंग रिफ्रेशमेंट्स फॉर द डिले?" एवढं पुरतं. सहा तासांच्या वर जात असेल तर दुसरी फ्लाइट नाहीतर पूर्ण पैसे परत, यातलं काय हवं ते तुम्ही निवडायचं: "आय वुड लाइक अ रिफंड" किंवा "आय वुड लाइक अनदर फ्लाइट".

## ४. बॅग आली नाही

यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे.

माझी फैजपूरची मावशी मुलीकडे निघाली होती, मधे आखातात विमान बदललं, पोचल्यावर पट्टा फिरून फिरून थांबला आणि बॅग नाही. मावशी काउंटरवर गेली आणि म्हणाली "माय बॅग इज गॉन." काउंटरवाल्याला वाटलं चोरीला गेली, त्याने पोलिसांच्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे अर्धा तास. मग परत पाठवली. आता दुसरा प्रश्न, रंग कोणता? मावशीची बॅग मोरपंखी. तिने "पीकॉक कलर" सांगितलं, तो म्हणे बॅगेवर पक्षी आहे का? शेवटी त्याने एक प्लॅस्टिक मारलेला कागद पुढे सरकवला, त्यावर वेगवेगळ्या बॅगांची चित्रं आणि रंगांच्या पट्ट्या, मावशीने नुसतं बोट ठेवलं आणि दोन मिनिटांत फॉर्म भरून झाला.

तो कागद बहुतेक एअरलाइनच्या बॅगेज काउंटरला असतो. आधीच मागा: "कुड आय पॉइंट टू इट ऑन द चार्ट?"

क्रम असा ठेवा.

पहिलं, पट्टा थांबल्यावर मोठ्या आकाराच्या सामानाचा वेगळा कोपरा असतो तिथे नजर टाका. दुसरं, हॉलच्या बाहेर पडू नका. बाहेर पडलात की परत आत येणं कठीण, आणि आपली माणसं काचेपलीकडे हात हलवत असतात म्हणून सगळे आधी बाहेर पळतात. आधी फॉर्म, मग भेट. तिसरं, टॅग. चेक-इनला बोर्डिंग पासच्या मागे बारकोडचा छोटा स्टिकर चिकटवून देतात तो हाच, तो फेकून देणारे मी पाहिलेत.

मग साच्यातली वाक्यं. "माय बॅग डिडन्ट अराइव्ह" म्हणा, "लॉस्ट" नको आणि "गॉन" तर नकोच. पुढे वर्णन: "इट्स अ हार्ड केस, डार्क ब्लू, विथ फोर व्हील्स. देअर इज अ रेड रिबन ऑन द हँडल." कापडी असेल तर "सॉफ्ट". राणी कलर म्हणजे "हॉट पिंक", चॉकलेटी म्हणजे "ब्राउन", मोरपंखी असेल तर "ब्लू-ग्रीन". सुतळी बांधली असेल तर "टाइड विथ अ रोप". आत काय विचारलं तर सगळी यादी वाचू नका, "क्लोद्स, मेडिसिन्स, अँड होममेड फूड".

फॉर्मचं नाव प्रॉपर्टी इररेग्युलॅरिटी रिपोर्ट, तोंडी सगळे पीआयआर म्हणतात. "कुड आय हॅव अ कॉपी ऑफ द पीआयआर, प्लीज?" त्यावरचा नंबर बरोबर टिपून घ्या. नंतर: "कॅन यू डिलिव्हर इट टू धिस ॲड्रेस?" आणि कागदावरचा पत्ता दाखवा. औषधं बॅगेत असतील तर तेही आत्ताच सांगा, "माय डेली मेडिसिन्स आर इन द बॅग". (औषधं हातातल्या पिशवीत ठेवा हे मी दर बॅचला सांगतो आणि दर बॅचला कोणीतरी मोठ्या बॅगेत ठेवतंच.)

तोवर ब्रश, एखादा ड्रेस घ्यावा लागला तर पावत्या ठेवा आणि विचारा: "कॅन आय क्लेम द कॉस्ट ऑफ एसेन्शियल्स?"

सावध: आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल कराराचे (विमानात सामानाचं नुकसान झालं तर भरपाई कशी, ते ठरवणारा देशादेशांतला करार) दिवस मोजलेले आहेत. बॅग फुटून आली तर ७ दिवसांत, उशिरा आली तर हातात आल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार. तोंडी सांगितलेलं धरत नाहीत. २१ दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं मानता येतं, "लॉस्ट" हा शब्द तेव्हा वापरा.

मावशीची बॅग तिसऱ्या दिवशी घरपोच आली. बिबड्यांचा (आपले ज्वारीचे पापड) चुरा झाला होता, बाकी सगळं ठीक.

## ५. कस्टमवाल्याने बॅग उघडली

आपल्या बॅगेत पापड, बिबडे, काळा मसाला, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ असणारच. "एनी फूड?" विचारलं की "नो सर" म्हणणं ही सगळ्यात वाईट चूक, फॉर्मवर किंवा तोंडी "येस" म्हणायचं आणि त्याला ठरवू द्यायचं. दंड बहुतेक लपवल्याचा होतो.

पीठ म्हणजे "फ्लाउअर", पण अमेरिकन कानाला तो शब्द आणि फूल दोन्ही एकच ऐकू येतात, आणि फुलं-झाडं म्हटलं की तपासणी वाढते. म्हणून "ग्राउंड ग्रेन, फॉर मेकिंग ब्रेड" असं सांगा. ज्वारीला तिकडे "सॉर्गम" म्हणतात. मसाल्याला "ड्राय स्पायसेस". सगळं मिळून: "येस, आय हॅव ड्राय फूड. ग्राउंड ग्रेन, स्पायसेस अँड क्रॅकर्स. नो मीट, नो फ्रेश फ्रूट." अर्थात हे खरं असेल तरच. रावेरची केळी हातात घेऊन "नो फ्रेश फ्रूट" म्हणू नका.

## ६. तब्येत बिघडली

इथे मराठीतून शब्दाला शब्द लावला की जिवाशी येऊ शकतं.

सगळ्यात आधी गॅस. आपल्याकडे छातीत दाटलं की "गॅस झालाय" म्हणतात. तिकडे "आय हॅव गॅस" म्हणजे पोटातला वारा, नर्स हसून एखादी गोळी देईल. छातीवर दाब, घाम, डावा हात किंवा जबडा दुखतोय असं असेल तर एकच वाक्य: "आय हॅव चेस्ट पेन." बाकी काही जोडायचं नाही. मदत बोलवायची तर "कॉल ॲन ॲम्ब्युलन्स, प्लीज." नंबर अमेरिका-कॅनडात ९११, युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात तीन शून्य. दुबईला ॲम्ब्युलन्सचा ९९८ आहे, ९९९ पोलिसांचा.

"शुगर आहे" हे "आय हॅव शुगर" होत नाही, समोरच्याला वाटेल खिशात साखर आहे. "आयम डायबेटिक." बीपी म्हणजे नुसतं "बीपी" नको, "आय हॅव हाय ब्लड प्रेशर". लूज मोशन बाहेर कोणाला कळत नाही, "आय हॅव डायरिया". मळमळ असेल तर "आय फील नॉशस", उलटी झाली असेल तर "आय थ्रू अप", आणि किती वेळा तेही, "थ्री टाइम्स". चक्कर "आय फील डिझी". पित्त झालं याला "हार्टबर्न" जवळ जातं. पाय मुरगळला तर "आय ट्विस्टेड माय अँकल". मुंग्या येतायत याला चुकूनही मुंग्या म्हणू नका, "माय हँड इज टिंगलिंग".

डॉक्टर क्रमाने विचारतो: कुठे, कधीपासून, किती, काय औषध चालू, कशाची ॲलर्जी. उत्तरं त्याच क्रमाने. "हिअर" म्हणून बोट ठेवा. "सिन्स लास्ट नाइट" किंवा "फॉर टू डेज". किती दुखतं ते एक ते दहामध्ये विचारतात, इथे आपली मोठी माणसं सहन करायच्या सवयीने दोन-तीन सांगतात. झोप लागत नाहीये एवढं दुखत असेल तर सात-आठ सांगा. मग औषधांसाठी कागदाची मागची बाजू दाखवा.

तपासा: ॲलर्जी असेल तर ती कागदावर लाल पेनाने, आणि वाक्य पाठ: "आयम ॲलर्जिक टू..." पुढे औषधाचं नाव. नसेल तर "नो ॲलर्जीज". न कळता "येस येस" म्हणू नका.

## ७. पासपोर्ट किंवा पाकीट गेलं

"लॉस्ट" म्हणजे हरवलं, "स्टोलन" म्हणजे चोरलं. पोलीस रिपोर्टमध्ये जे लिहिलं जाईल तेच इन्शुरन्सवाला वाचतो, म्हणून जे झालं तेच सांगा आणि रिपोर्ट वाचल्याशिवाय सही करू नका. आधी कार्ड बंद, बँकेला फोन करून "प्लीज ब्लॉक माय कार्ड". मग पोलीस: "माय पासपोर्ट वॉज स्टोलन. आय नीड अ पोलीस रिपोर्ट फॉर माय एम्बसी अँड माय इन्शुरन्स." शेवटी भारतीय दूतावास किंवा कॉन्सुलेट, तिथे हिंदीही चालते, घाईने परतायचं असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मागा, ते भारतात एकदा परत येण्यापुरतं असतं. दूतावासात आधी गेलात तर पोलीस रिपोर्ट आणा म्हणून परत पाठवतील.

## ८. हॉटेल आणि गाडी, पटकन

बुकिंग सापडत नाही म्हणाले तर: "कुड यू प्लीज चेक अंडर माय फर्स्ट नेम?" आपली नावं पासपोर्टवर उलटसुलट असतात, नव्वद टक्के भानगड हीच असते असं माझं मत. खोलीत लाइट गेली तर "द लाइट इज गॉन" नको, "देअर इज नो पॉवर इन माय रूम".

भाड्याची गाडी बंद पडली: "द कार वोन्ट स्टार्ट." टायर बसला: "वी हॅव अ फ्लॅट टायर." स्टेपनी आणि डिकी हे शब्द घरीच ठेवा, स्टेपनीला "स्पेअर टायर", डिकीला अमेरिकेत "ट्रंक", ब्रिटनमध्ये "बूट".

## ९. समोरचा काय बोलतोय ते कळलंच नाही

आपण मान हलवतो. ती हो म्हणून हलते की नाही म्हणून, हे आपल्यालाच माहीत. मान स्थिर ठेवा आणि म्हणा: "सॉरी, कुड यू से दॅट मोअर स्लोली?" तरी नाही कळलं तर "कुड यू राइट इट डाउन, प्लीज?" लिहिलेलं वाचता येतंच की. त्याने सांगितलेलं आपल्या शब्दात परत म्हणून बघायचं, "सो, आय गो टू काउंटर नाइन, राइट?" चुकलं असेल तर तो सुधारेल. जोरात बोलून काही होत नाही, हळू बोला.

## १०. "नाही" आलं तर, आणि निघताना

पहिल्या नकारावर आपण एकतर चिडतो किंवा निमूट मागे फिरतो. मधे अजून दोन पायऱ्या आहेत. "आय अंडरस्टँड. इज देअर एनिथिंग एल्स यू कॅन डू?" त्यावरही नाही आलं तर "कुड आय स्पीक टू अ सुपरवायझर, प्लीज?" आवाज तोच ठेवून. "व्हाय डिड यू लूज माय बॅग" असं अंगावर जाऊ नका, त्याने हरवलेली नसते.

काउंटर सोडण्याआधी तीन गोष्टी हातात हव्यात: लेखी कागद ("कुड आय हॅव दॅट इन रायटिंग?"), रेफरन्स नंबर, आणि बोललेल्या माणसाचं नाव ("मे आय हॅव युअर नेम, प्लीज?"). तिथेच उभं राहून कागदाचा फोटो काढा आणि मुलाला पाठवा. फॉर्मवरची तारीख पण बघून घ्या, अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे ०५/०६ म्हणजे तिकडे ६ मे होतो, ५ जून नाही, नाहीतर तक्रारीचे दिवस मोजताना चुकाल.